एक लिटर पाणी, साडेतीन मिनिटे

डोंगरात नेण्याजोग्या हलक्या स्टोव्हची परीक्षणे अमेरिकेत आणि युरोपात कित्येक वर्षे नियमाने लिहिली जात आहेत. पाठीवर सामान घेऊन आठ-दहा दिवस रानात भटकणारे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात रॉकी पर्वतात एल्कच्या शिकारीसाठी तंबू ठोकून राहणारे, हा त्यांचा मुख्य वाचकवर्ग. (एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतले, पण त्याहून मोठे हरीण.) आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. पण सह्याद्रीत आणि हिमालयात पदभ्रमणाला जाणारे पुष्कळ आहेत, तेच स्टोव्ह आता आपल्या दुकानांतही मिळतात, आणि स्टोव्हबरोबर परीक्षणेही आली आहेत. शाळेची शिबिरे गडावर नेणारे शिक्षक ती वाचतात आणि त्यांच्या आधारे मोजक्या पैशांत खरेदी करतात. म्हणून या परीक्षणांचेच थोडे परीक्षण करावे, असा या लेखाचा हेतू आहे.

या सर्व लेखनाचा कणा म्हणजे एक तक्ता. त्यात स्टोव्हचे नाव, वजन, किंमत आणि एक लिटर पाणी उकळायला लागणारा वेळ एवढे रकाने हमखास असतात. कुठे साडेतीन मिनिटे, कुठे चार, कुठे पाच. ज्याचा वेळ कमी आणि वजनही कमी, तो पहिल्या क्रमांकाला जातो. या तक्त्यात खोटे काही नसते. आकडे बहुधा काळजीपूर्वक घेतलेले असतात. तक्रार वेगळीच आहे. डोंगरात गेलेल्या माणसाचे ज्यावर अडते, ते या तक्त्यात मोजलेलेच नसते.

आधी वेळेचा रकाना पाहू. २० अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. हे गणित आठवी-नववीचा विद्यार्थीही करील. साडेतीन मिनिटे म्हणजे २१० सेकंद. भागाकार केला की पाण्याला दर सेकंदाला १.६ किलोज्यूल, म्हणजे १.६ किलोवॅट मिळत होते असे निघते. पण बर्नरमधून नेमकी किती उष्णता बाहेर पडत होती, हे तक्ता सांगत नाही. असा स्टोव्ह पूर्ण जोरात चालतो तेव्हा ती साधारण अडीच ते तीन किलोवॅट असते. म्हणजे जवळजवळ निम्मी उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते आणि आकाश तापवते. ज्योत मोठी केली की वेळ कमी होतो, पण ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर पसरते आणि वाया जाणारा वाटा वाढतो. वेळेचा आकडा सुंदर करायचा तर इंधनाचा आकडा बिघडवावा लागतो. परीक्षणात पहिला आलेला स्टोव्ह त्या परीक्षेत सर्वांत उधळ्या असण्याची शक्यता बरीच असते.

आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसच्या शेगडीसाठी भारतीय मानकाने (आयएस ४२४६) किमान ६८ टक्के औष्णिक कार्यक्षमता ठरवून दिली आहे. शेगडी किती मिनिटांत पाणी उकळते याला तिथे फारसे महत्त्व नाही, आणि ते योग्यच आहे. घरात सिलिंडर कोपऱ्यात उभे असते, तरीही आपण कार्यक्षमता विचारतो. जिथे इंधनाचा प्रत्येक ग्रॅम पाठीवरून न्यायचा आहे, तिथे मात्र घड्याळ पुढे केले जाते, हे चमत्कारिक आहे.

याचे कारण त्या लोकांच्या जेवणात शोधावे लागते. अमेरिकन पदयात्री किंवा शिकारी बहुधा गोठवून कोरड्या केलेल्या तयार जेवणाची पाकिटे नेतो. पाकीट उघडायचे, त्यात उकळते पाणी ओतायचे, तोंड मिटून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. त्याच्या लेखी स्टोव्ह हे पाणी उकळण्याचे यंत्र आहे, दुसरे काही नाही. त्यामुळे 'किती वेळात उकळते' हा प्रश्न त्याला सुचणे स्वाभाविक आहे. आपण राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर खिचडी करतो. खिचडीला पाणी उकळणे ही सुरुवात असते. पुढची वीस मिनिटे मंद आच लागते. मंद आचेवर ज्योत स्थिर राहते का, की फडफडून विझते, भांड्याच्या मध्यभागी रुपयाएवढा डाग करपतो का, हे आपले प्रश्न. तक्त्यात त्यांना रकाना नाही. प्रश्न त्यांचे आणि खिचडी आपली, अशी ही गत आहे.

उंचीवर गेल्यावर तर 'उकळणे' या शब्दाचा अर्थच पातळ होतो. ३,५०० मीटरवर, म्हणजे लेहच्या उंचीवर, पाणी सुमारे ८८ अंशांना उकळते. मिनिटे कमी लागतात, पण डाळ शिजत नाही. तिथे मंद आच आणि छोटा कुकर उपयोगाचा. आणि बर्फ वितळवून पाणी करायचे असेल, तर उणे १० अंशांच्या एक किलो बर्फाला आधी तापायला २१, मग वितळायला ३३४ आणि मग ८८ अंशांपर्यंत जायला सुमारे ३६९ किलोज्यूल लागतात. बेरीज सुमारे ७२४ किलोज्यूल. खोक्यावरच्या 'एक लिटर'च्या दुपटीपेक्षा जास्त! सुप्त उष्म्याचा धडा शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर द्यावे. बर्फातल्या तंबूत इंधन संपले की चहा नाही एवढ्यावर भागत नाही. चारी बाजूंना पाणी असून प्यायला थेंब नसतो.

आता वजनाचा रकाना. आज अवघ्या २५ ग्रॅम वजनाचा टायटॅनियमचा स्टोव्ह मिळतो, आणि तो महागही नाही. हा आकडा वाचून मन हरखते. पण नुसता स्टोव्ह काहीच उकळत नाही. त्याला स्क्रूने जोडायचा गॅसचा डबा लागतो. ११० ग्रॅम गॅसच्या लहान डब्याचे रिकामे वजन सुमारे १०० ग्रॅम असते, २३० ग्रॅमच्या डब्याचे सुमारे १५०. म्हणजे स्टोव्हच्या चौपट वजन नुसत्या पत्र्याचे.

याच्या शेजारी शीतपेयाच्या दोन ॲल्युमिनियम डब्यांपासून घरी केलेला स्पिरिटचा स्टोव्ह ठेवू. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या पदयात्रींनी तो लोकप्रिय केला. त्याची किंमत शून्य. वजन १५ ग्रॅम, वारा अडवणारी पत्र्याची पट्टी आणि तिवई ३० ग्रॅम, प्लास्टिकची बाटली ३० ग्रॅम, एकूण ७५. स्पिरिटमध्ये दर ग्रॅमला सुमारे २७ किलोज्यूल ऊर्जा असते, ब्युटेनमध्ये ४५ च्या पुढे. त्यामुळे लिटरभर पाण्याला गॅस सुमारे १३ ग्रॅम पुरतो, तर स्पिरिट २७ ग्रॅमच्या आसपास लागते. परीक्षणे इथेच निकाल देतात, की स्पिरिट हे कमी ऊर्जेचे इंधन, तेव्हा गॅस घ्या.

पण आलेख काढून पाहा. आडव्या अक्षावर सबंध सहलीत उकळायचे एकूण लिटर, उभ्या अक्षावर निघताना पाठीवर घेतलेले एकूण वजन. स्पिरिटची रेघ ७५ पासून निघून दर लिटरला २७ ने तिरपी वर जाते. गॅसची मात्र रेघ नसून पायऱ्या आहेत, कारण अर्धा डबा विकत मिळत नाही. पहिली पायरी २३५ ग्रॅमवर (२५ अधिक १०० अधिक ११०), ती साधारण साडेआठ लिटरपर्यंत. मग एकदम ४०५ वर उडी, कारण आता मोठा डबा हवा. तीन लिटरच्या सहलीत स्पिरिटचा सगळा पसारा १५६ ग्रॅम भरतो आणि गॅसचा २३५. सहा लिटरला दोन्ही बरोबरीत. आठ लिटरला गॅस हलका. दहा लिटरला पुन्हा स्पिरिट हलके, ३४५ विरुद्ध ४०५! बारा लिटरच्या थोडे पुढे गेल्यावर परत गॅस. 'कोणता स्टोव्ह हलका' या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. ते सहलीच्या लांबीवर असे मागे-पुढे होत राहते. गणिताच्या शिक्षकांना सोपान-फलनाचे याहून जिवंत उदाहरण सहजी मिळणार नाही. आणि तक्त्यातला २५ ग्रॅमचा आकडा या सगळ्यात जवळजवळ निरर्थक ठरतो. स्टोव्ह ५० ग्रॅमने जड असला आणि लिटरमागे तीन ग्रॅम गॅस वाचवत असला, तर सतरा लिटरमध्ये तो फरक फिटतो.

भांड्याचा तर या तक्त्यांत उल्लेखही नसतो. फ्रित्यॉफ नान्सेन या नॉर्वेजियन संशोधकाने १८९३ ते १८९६ च्या आर्क्टिक मोहिमेत जे स्वयंपाकाचे साधन वापरले, त्यात मधल्या भांड्याभोवती बर्फाचे कडे आणि वर बर्फाचे आणखी एक भांडे बसवलेले होते. मधल्या भांड्याला चुकवून जाणारी उष्णता बर्फ वितळवण्याच्या कामी येई. खाली प्रायमस स्टोव्ह होता. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये काजळी न धरणारा, दाबावर चालणारा हा रॉकेलचा स्टोव्ह बाजारात आणला. आपल्या आज्या ज्याला नुसतेच 'प्रायमस' म्हणत, तोच हा. एका कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. आज बुडाला धातूच्या पातळ पट्ट्यांची झालर असलेली भांडी महाग विकली जातात. त्यांचे तत्त्व नान्सेनच्या भांड्याचेच आहे, उष्णतेला निसटण्यापूर्वी आणखी पृष्ठभाग देण्याचे. ज्याला अशी भांडी परवडत नाहीत त्याने रुंद बुडाचे पातेले आणि घट्ट झाकण घ्यावे. त्याने जेवढा गॅस वाचतो, तेवढा महागडा बर्नर घेऊन सहसा वाचत नाही.

इंधनाच्या हिशेबाला जिवावरचे महत्त्व येते, याचे ठसठशीत उदाहरणही ध्रुवप्रदेशातलेच आहे. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतणाऱ्या स्कॉटच्या तुकडीला वाटेवरच्या साठ्यांतील रॉकेलचे डबे अपेक्षेपेक्षा रिते सापडले. डब्यांच्या बुचांना चामड्याचे वायसर होते, आणि त्या थंडीत ते नीट बसत नव्हते असे मानले जाते. अमुंडसेनने आपले डबे डाख लावून बंद केले होते. ज्यांनी घरचा पंपाचा स्टोव्ह दुरुस्त केला आहे त्यांना चामड्याचा वायसर वाळला की काय होते हे सांगायला नको. स्कॉटच्या अंताला केवळ हेच कारण नव्हते. पण इंधन कमी म्हणजे वितळवलेले पाणी कमी आणि गरम अन्न कमी, हा क्रम तिथे अटळ होता.

थंडीचा मुद्दा गॅसच्या डब्यालाही लागू आहे, आणि रॉकीतल्या शिकाऱ्यांच्या सर्वाधिक तक्रारी याच असतात. डब्यात गॅस द्रवरूपात असतो. तो बाहेर येण्यासाठी आधी त्याची वाफ व्हावी लागते. समुद्रसपाटीला साधे ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळते, आयसोब्युटेन सुमारे उणे १२ ला, प्रोपेन उणे ४२ ला. म्हणून पहाटे शून्याखाली पारा गेला की साध्या ब्युटेनचा डबा खळखळ वाजतो, पण बर्नरवर ज्योत येत नाही. इतकेच नाही, तर डबा स्वतःच स्वतःला थंड करतो. एक ग्रॅम ब्युटेनची वाफ व्हायला सुमारे ०.३८५ किलोज्यूल लागतात. एक लिटर पाण्यासाठी १३ ग्रॅम वाफ झाली, की डब्यातून ५ किलोज्यूल गेले. लहान भरलेल्या डब्याची उष्माधारिता गॅस आणि पत्रा मिळून अंशाला सुमारे ०.३ किलोज्यूल आहे. बाहेरून उष्णता मिळालीच नाही, तर डबा सोळा-सतरा अंशांनी उतरेल! प्रत्यक्षात हवेकडून थोडी भरपाई होते, म्हणून घसरण कमी असते, पण डब्यावर दव आणि कधी हिमकण जमतात ते यामुळेच. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरच्या पहाटे दहा अंश तापमान असताना ज्योत मंदावते, तेव्हा गॅस संपला असे समजून डबा फेकणारे मी पाहिले आहेत. तो संपलेला नसतो, गारठलेला असतो.

यावर उपाय म्हणून ७० टक्के ब्युटेन आणि ३० टक्के प्रोपेन अशी मिश्रणे मिळतात. पण इथे रसायनशास्त्राची एक गंमत आहे. वाफ वरून काढली जात असल्याने अधिक उडून जाणारे प्रोपेन आधी निघून जाते. डबा जसजसा रिता होतो तसतसे मागे ब्युटेनच जास्त उरते. हे भागशः ऊर्ध्वपातन आपल्या हातात, आपल्या नकळत चालू असते. नवाकोरा डबा घेऊन केलेली चाचणी म्हणून फसवी असते; तिसऱ्या दिवशीच्या पहाटे तोच स्टोव्ह निराळा वागतो. उंचीची मात्र थोडी मदत होते. ३,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो, त्यामुळे तिथे ब्युटेन उणे ११-१२ अंशांपर्यंत उकळू शकते. डबा रात्री झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपणे आणि सकाळी कोमट पाण्याच्या ताटलीत उभा करणे हे उपाय साधे आणि खात्रीचे आहेत. पंपाच्या स्टोव्हला ही भानगड नाही, कारण तिथे दाब आपला हात देतो. मात्र त्याला पेटवण्याआधी काकडा, मग पिन, आणि पितळी असेल तर दीड-दोन किलोचे ओझे. शिवाय रॉकेल मिळणे आता कठीण झाले आहे.

वाऱ्याबद्दल परीक्षणे सर्वांत कमी बोलतात, आणि माझ्या मते हा त्यांचा सर्वांत मोठा दोष आहे. बंद खोलीतला आकडा गडाच्या माचीवर टिकत नाही. उघड्यावर, झुळूक बरी असली तरी, इंधनाचा खर्च सहज दुप्पट होतो. आडोसा हवाच. पण डब्यावरच बसवायच्या स्टोव्हला चारी बाजूंनी पत्र्याने घेरू नये. उष्णता परतून डब्यावर येते, आणि डबा ५० अंशांपुढे तापू द्यायचा नसतो. वाऱ्याच्या बाजूला दगड किंवा पाठपिशवी थोड्या अंतरावर ठेवावी, बाकीच्या बाजू मोकळ्या सोडाव्यात, आणि डब्याला अधूनमधून हात लावून पाहावा. वारा चुकवायला स्टोव्ह तंबूत नेण्याचा मोह होतो. थंड भांड्याच्या बुडाला टेकून ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये, या नियमाला अपवाद करू नये.

स्पिरिटचे धोके वेगळे आहेत. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. स्टोव्ह विझला असे समजून बाटलीतून स्पिरिट ओतले, की आग धारेबरोबर बाटलीत शिरते. वर मी त्याची वजनात बाजू घेतली, पण मुलांच्या हाती तो देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्गात करून पाहण्यासारखा प्रयोग आहे. ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा आणि तापमापक एवढे पुरे. अर्धा लिटर पाणी घ्या, त्याचे तापमान नोंदवा, डब्यासह स्टोव्हचे वजन करा. पाणी ९० अंशांवर पोचले की बंद करून पुन्हा वजन करा. (उकळी नेमकी कधी फुटली यावर वाद होतात, ९० अंशांवर होत नाहीत.) एकदा ज्योत पूर्ण ठेवून, एकदा अर्धी; एकदा झाकण ठेवून, एकदा काढून; एकदा दोन मीटरवर टेबलपंखा मंद लावून. स्टोव्ह शिक्षकांनीच हाताळावा, मुलांनी नोंदी कराव्यात. पाण्याने घेतलेली उष्णता भागिले जळालेल्या इंधनाची उष्णता, ही कार्यक्षमता. पाच ओळींचा हा तक्ता खोक्यावरच्या आकड्यापेक्षा खूप अधिक सांगेल.

मग घ्यावा कोणता? दोघा-तिघांनी सह्याद्रीत दोन रात्रींसाठी जायचे असेल, तर स्क्रूच्या डब्यावर बसणारा साधा, स्वस्त स्टोव्ह घ्यावा. २५ ग्रॅमचा हट्ट धरू नये. ज्याचे पाय रुंद आहेत आणि ज्याची ज्योत मंद करता येते असा ७०-८० ग्रॅमचा बरा, कारण खिचडीचे पातेले कलंडले तर वाचलेल्या पन्नास ग्रॅमचे कौतुक राहत नाही. डबा मिश्र गॅसचा असावा. या डब्यांतला गॅस घरच्या गॅसपेक्षा वजनाला कित्येक पट महाग पडतो, म्हणून स्वस्ताईचा खरा हिशेब इंधनात आहे. हिमालयात जाणाऱ्यांनी डबे तिथेच घ्यावेत. विमानात ते चालत नाहीत आणि रेल्वेतही ज्वालाग्राही सामान नेण्यास बंदी आहे. तीस मुलांच्या शिबिराला मात्र हे हलके स्टोव्ह अजिबात घेऊ नयेत. चार छोट्या स्टोव्हवर चार पातेली आणि भोवती तीस भुकेली मुले, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. पायथ्याच्या गावात पाच किलोच्या सिलिंडरवर मोठी शेगडी लावावी, जेवण तिथे करावे आणि गडावर डबे न्यावेत. रिकामे झालेले गॅसचे डबे तेवढे मोजून खाली आणावेत. नेताना किती होते ते एका मुलाला वहीत लिहायला सांगावे.